गाठ आणि गाठीभोवतीचे धागे

जैनथ-आदिलाबादच्या पट्ट्यात कापसाचा व्यवहार करणाऱ्यांस रुईचा स्वभाव सांगावयास नको. सुटी रुई मुठीत दाबली तरी पुन्हा फुलते. तीच प्रेसमध्ये दाबून बांधली की तिची गाठ होते व तीत बोट शिरत नाही. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगासंबंधी अलीकडे जे उलगडले आहे, ते समजण्यास हाच दृष्टांत आम्हांस सोयीचा वाटतो.

कर्करोगाची गाठ हातास कठीण लागते, हे वैद्यांस पूर्वापार ठाऊक आहे. गुदाशयाची बोटाने तपासणी करताना डॉक्टर आजही तेच चाचपतात. तथापि हा कठीणपणा दीर्घकाळ रोगाचा केवळ परिणाम मानला जाई. आतड्यातील पेशींभोवती कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. रोग जडला की शेजारच्या तंतुजनक पेशी अधिक कोलॅजेन निर्माण करतात आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर त्या तंतूंस परस्परांशी आडवे जखडते. पेशी आपला आधार सतत ओढून पाहत असतात. तो ताठ लागला की ताणाची वार्ता केंद्रकापर्यंत जाते, आणि वाढण्यास व आजूबाजूस शिरण्यास पेशींना चेव येतो. म्हणजे कठीणपणा हा रोगाचा साथीदारही ठरतो. शिवाय दाबल्या गेलेल्या रक्तवाहिन्यांतून औषध आत पुरेसे पोहोचत नाही.

2009 साली कॅलिफोर्नियातील व्हॅलरी वीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्तनातील गाठींत हे विकर रोखले, तेव्हा रोगाची वाढ मंदावली. पुढे त्याच कुळातील एका विकराविरुद्ध सिमटुझुमॅब हे औषध आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात नेहमीच्या उपचारांसोबत देऊन पाहिले गेले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णांस अधिक लाभ दिसला नाही. गाठ विरघळविण्याची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना हे ध्यानी असलेले बरे.

दिवसभर गादीवर बसणारे आमचे कित्येक बंधू शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध म्हणून मोकळे होतात; भगिनी तर संकोचाने बोलतच नाहीत. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. परंतु रक्त वारंवार जात असेल, शौचाची सवय बदलून आठवडे लोटले असतील, वा कारणाविना पंडुरोग जडला असेल, तर नागपूर अथवा हैदराबाद गाठून आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहानशा मांसांकुरापासून, कित्येक वर्षे घेत वाढतो. असा अंकुर वेळीच दिसला तर बहुतेक वेळा त्याच दुर्बिणीतून काढता येतो. पोटास चिरा द्यावा लागत नाही.