मोठे होण्याची घाई झालेली भावंडे

थेरपी केंद्राबाहेरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन गृहपाठ करणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी हे शहरांत सहज दिसणारे दृश्य आहे. आत तिच्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सीसाठी व्यायाम दिले जात असतात. भेटणारा प्रत्येक जण भावाची चौकशी करतो. तिच्या वाट्याला येते ते एकच वाक्य, ‘किती गं शहाणी तू!’

हे शहाणपण तिने निवडलेले नसते, परिस्थितीने ते लादलेले असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या. त्यांच्यासोबत वाढणाऱ्या भावंडांची मोजदाद मात्र कोठेच होत नाही.

न विचारलेले प्रश्न

वयागणिक या भावंडांचे प्रश्न बदलतात. लहानग्याला वाटते, ‘मी त्याला ढकलले म्हणून तर असे झाले नाही ना? उद्या मलाही हे होईल का?’ घरात आधीच ताण आहे, हे कळत असल्याने तो विचारत नाही. किशोरवयात मित्रांना घरी बोलावण्याची लाज वाटते आणि मग लाज वाटल्याचा अपराधीपणा छळतो. एका अपत्याकडून अपूर्ण राहिलेल्या अपेक्षा दुसऱ्याने पूर्ण कराव्यात, हे ओझेही गुणपत्रिकेच्या रूपाने येते.

लग्नाच्या वयात प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘हे आनुवंशिक तर नाही?’ ही शंका स्थळांकडून येते आणि मनातूनही. अनेक घरांत अपंग भावंडाविषयी बोलणेच टाळले जाते. वस्तुतः डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के प्रकरणांत दोष आनुवंशिक नसतो. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी मिळाल्याने आलेले अपंगत्वही पुढच्या पिढीत उतरत नाही. काही विकार मात्र आनुवंशिक असतात. म्हणूनच तर्क लढवण्यापेक्षा जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

अमेरिकेत अशा मुलांना ‘ग्लास चाइल्ड’ म्हटले जाते. काचेतून पलीकडचे दिसते, काच दिसत नाही. तशी आई-वडिलांची नजर या मुलाच्या आरपार जाऊन दुसऱ्या मुलावर खिळते. तेथे डॉन मायर यांनी ‘सिबशॉप’ ही कल्पना रुजवली. खेळ आणि गप्पांच्या ओघात अशी भावंडे एकमेकांना भेटतात आणि ‘हे फक्त माझ्याच घरात नाही’ हे त्यांना उमगते.

आमच्यानंतर कोण?

अपंग मुलांच्या आई-वडिलांना हा प्रश्न रात्रंदिवस छळतो. ‘त्याचा भाऊ आहे ना!’ हे उत्तर घराने गृहीत धरलेले असते. भावाला मात्र कोणी विचारलेले नसते.

कायद्याने येथे एक वाट दाखवली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यानंतर आई-वडील किंवा नातेवाईक कायदेशीर पालकाच्या नेमणुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करू शकतात. पालकाची खरोखर गरज आहे का आणि कोणत्या कारणांसाठी, हे समिती तपासते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, तर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यानंतर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. दुर्लक्ष किंवा गैरव्यवहार झाल्यास त्याला दूर करता येते. थोडक्यात, हे केवळ प्रेमाचे नव्हे, तर उत्तरदायित्वाचे पद आहे. ते कोणाच्या गळ्यात परस्पर घालणे उचित नाही.

काय करता येईल?

अपंगत्वाचे नाव आणि कारण भावंडाला वयाला समजेल अशा शब्दांत लवकर सांगावे. आठवड्यातला थोडा तरी वेळ केवळ त्याच्यासाठी राखावा. तोही अखेरच्या क्षणी रद्द करू नये. राग किंवा लाज व्यक्त केल्यास ‘असे बोलू नये’ म्हणून गप्प बसवू नये. मदत जरूर घ्यावी, पण त्याला दुसरी आई बनवू नये.

भविष्याची चर्चा मोठेपणी अचानक न करता टप्प्याटप्प्याने करावी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, औषधांची माहिती, बँकेची कागदपत्रे आणि मृत्युपत्र एकत्र ठेवून त्याची कल्पना द्यावी. सोबत राहणे, पैशांचा व्यवहार पाहणे किंवा नियमित भेटणे, यांतले आपल्याला काय जमेल हे भावंडाला सांगू द्यावे. ‘एवढेच जमेल’ हे उत्तरही मान्य करावे.

अशा घरांत वाढलेली अनेक मुले समंजस आणि सहनशील होतात, हे खरेच. परंतु त्या समंजसपणाचे कौतुक करताना त्यांचे बालपण शाबूत आहे ना, हेही पाहायला हवे. बाकावरच्या त्या मुलीला पुढच्या वेळी कोणी ‘शहाणी’ म्हणण्याऐवजी ‘तुझा दिवस कसा गेला?’ असे विचारले, तरी सुरुवात होईल.