भावनेला नेमका शब्द मिळतो तेव्हा

स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करून घेणे, त्या कशातून उपजतात हे समजून घेणे आणि त्यांना योग्य वळण देणे, या चार क्षमतांना मिळून मानसशास्त्रात ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हणतात. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचवली.

किशोरवयात या क्षमतांची कसोटी लागते. धोक्याची चाहूल लागताच खडबडून जागा होणारा अमिग्डाला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग या वयात जोमाने काम करत असतो. सारासार विचार करून त्याला आवरणाऱ्या, कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची जडणघडण मात्र पंचविशीपर्यंत चालू राहते. त्यामुळे वर्गासमोर बोलणी बसलेला नववीतला मुलगा फटकन उलट उत्तर देतो, तेव्हा त्यामागे नुसता उद्धटपणा असतोच असे नाही. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रौढांच्या मेंदूच्या चित्रणातून दाखवून दिले, की भावनेला शब्दांत नाव दिले असता अमिग्डालाची खळबळ कमी होते.

हे नाव मात्र नेमके हवे. गुणपत्रिका हातात घेऊन ‘टेन्शन आलंय’ म्हणणाऱ्या मुलीच्या मनात वडिलांची भीती असेल, मैत्रिणीविषयी असूया असेल किंवा नुसता हिरमोड असेल. या तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा असल्याने एकच शब्द तिला फार दूर नेत नाही. खजील होणे, हुरहुर, घुसमट, चीड असे बारीक भेद दाखवणारे शब्द मराठीत मुबलक आहेत. ते मुलांच्या तोंडी रुळायला हवेत.

मनातले नेमक्या शब्दांत मांडण्याचा लखलखीत दाखला पुण्याच्या बुधवार पेठेशी जोडलेला आहे. तेथील भिडे वाड्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना थंडी, वारा आणि पावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांना किती यातना होत असतील, हे वाचकांनी स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहावे, असे तिने त्यात सांगितले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, म्हणजेच आजच्या परिभाषेतील ‘समानुभूती’, तिने वाचकांकडून मागितली. शिवाय संताप नुसता व्यक्त करून न थांबता त्याचे कारण शोधले आणि आपल्या लोकांना शिकण्याचे आवाहन केले.

जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय उपक्रमांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांच्या या माहितीत, सामाजिक-भावनिक कौशल्ये शिकवल्यास वर्तनाबरोबर अभ्यासातील प्रगतीही सुधारते, असे आढळले. त्यासाठी आपल्या शाळांना फार दूर जाण्याची गरज नाही; नेहमीचा निबंधही पुरतो. आज मात्र याच बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात तयार निबंधांची पुस्तके मिळतात आणि पाठ केलेल्या निबंधाला गुणही मिळतात. पण मुक्ताचा निबंध तिच्या स्वतःच्या जगण्यातून उतरला होता. आठवड्यातून एक पान तरी मुलांनी आपल्या मनातले, आपल्या शब्दांत लिहावे आणि त्यातील ऱ्हस्वदीर्घ तपासण्याआधी शिक्षकांनी ते मन लावून वाचावे.