चॅटबॉट आणि ऑपरेशनपूर्वीचे प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की हल्ली बरेच रुग्ण चॅटजीपीटीला प्रश्न विचारतात. तो आपली प्रकृती जाणून उत्तर देतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हे भाषा-प्रारूप (अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बांधणारी संगणकीय रचना) आहे. खूप वाचलेल्या, पण आपली फाइल न पाहिलेल्या नातेवाइकासारखे.

‘सकाळी चहा चालेल का?’ हा नेहमीचा प्रश्न. भूल देण्याच्या 2 तास आधीपर्यंत साधारणपणे साधे पाणी चालते. दुधाचा चहा मात्र हलक्या अन्नात धरतात, त्याला 6 तासांचे अंतर लागते. भुलीत पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. असा सर्वसाधारण नियम आणि त्यामागचे कारण चॅटबॉट बहुधा नीट, न कंटाळता समजावतो, आणि घाबरलेल्या माणसाला त्याचा खरोखर आधार वाटतो.

क्लोपिडोग्रेलसारखी गोळी (रक्ताची गुठळी होऊ न देणारी) कधी थांबवायची, हे मात्र वेगळे. स्टेंट नुकताच बसवला असेल तर ती परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. चॅटबॉट इथेही तितक्याच ठामपणे दिवस सांगू शकतो. तो आकडा कागदावर लिहून घ्या आणि गोळीला हात लावण्याआधी सर्जनला व हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा.