तीन गोळ्यांचं यंत्र

अमरावती रोडवर नागपूर सोडता सोडता वाडी लागते आणि ट्रान्सपोर्टची गोदामं, ट्रकच्या रांगा सुरू होतात. इथला ड्रायव्हर किंवा हमाल हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला, की जीव वाचेल ना याच्या पाठोपाठ घरचे विचारतात, कामावर कधी जाता येईल? छातीचं मधलं हाड कापलं तर ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ओझंही बंद आणि स्टिअरिंगही. बरगड्यांमधल्या पाच-सात सेंटिमीटरच्या छेदातून हृदयाची झडप बदलता आली तर ते हाड शाबूत राहतं. हातावर पोट असलेल्यांना या शस्त्रक्रियेचं मोल म्हणूनच अधिक.

छेद लहान असला तरी ऑपरेशन मात्र मोठंच असतं. सर्जनला जागा मिळावी म्हणून एका बाजूचं फुप्फुस काही काळ मिटवून ठेवतात. शुद्धीवर आल्यावर बरगड्यांमधली जखम दर श्वासाला ठणकते. पेशंट वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटलेलेच राहतात, कफ साचतो आणि दवाखान्यातला मुक्काम वाढतो.

खाटेशेजारी प्लास्टिकचं स्पायरोमीटर ठेवलेलं असतं ते हे टाळण्यासाठी. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलकी गोळी. सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगाने हवा आत ओढली तर पहिली गोळी उचलली जाते, ९०० ला दुसरी, १२०० ला तिसरी. अमेरिकन सर्जन रॉबर्ट बार्टलेट यांनी १९७० च्या सुमारास जांभईचा अभ्यास केला. जांभईत माणूस छाती भरून हवा घेतो आणि क्षणभर थांबतो; पेशंटकडून नेमकं तेच करून घेणारं साधन त्यांनी घडवलं.

हातात येताच बहुतेक जण त्यात फुंकतात. गोळ्या जागच्या हलत नाहीत. "काका, फुंकू नका, ओढा. सावकाश," असं फिजिओथेरपिस्टला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. झटका देऊन तिसरी गोळी उडवण्यापेक्षा दोनच गोळ्या तीन-चार सेकंद वर धरणं जास्त उपयोगाचं. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास.

नुसत्या या यंत्राने गुंतागुंत टळते, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, आणि हे पेशंटला सांगायलाच हवं. भूल उतरताच श्वासाची नळी लवकर, जमल्यास सहा तासांच्या आत काढणं, बरगडीच्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन, जखमेवर उशी दाबून खोकणं, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून मग चालवणं, हे सगळं जोडीला लागतं. त्यातही दुखणं आटोक्यात ठेवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दुखत असेल तर कुणीच खोल श्वास घेणार नाही, आणि मर्द गड्यासारखं सोसणाऱ्या आपल्या माणसांना दुखण्यावरची गोळी मागायला लाज वाटते. ती नर्सने आपणहून विचारून द्यावी.

घरी जाताना यंत्र सोबत न्यावं. ताप आला, धाप वाढली किंवा जखमेतून पाणी आलं, तर पुढच्या तपासणीची तारीख न पाहता तडक दवाखाना गाठावा. गाडी कधी चालवायची, पोतं कधी उचलायचं, हे सर्जनला विचारूनच ठरवायचं.