लेखाची पोंच

कांहीं वर्षांपूर्वीं मीं कंधारच्या जुन्या अवशेषांवर एक लेख लिहून एका नियतकालिकाकडे टपालानें धाडला. तो पोंचला कीं वाटेंतच राहिला, हें मला अद्यापि कळलेलें नाहीं. विद्यापीठाच्या नियतकालिकाचें संपादन संगणकावर नेण्याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो, तो याच कारणानें.

नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. लातूरला उपकेंद्र आहे. अशा विद्यापीठाच्या नियतकालिकाचा संपादक नांदेडला, लेखक उदगीरला आणि परीक्षक पुण्याला असावयाचा. कागदावरचा हा सारा व्यवहार संपादकाच्या कपाटांत व स्मरणांत राहतो. संपादक बदलला कीं दुवा तुटतो.

यासाठीं जगांतील हजारों नियतकालिकें ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही विनामूल्य आज्ञावली वापरतात. कॅनडांत जॉन विलिन्स्की यांनीं १९९८ मध्यें आरंभिलेल्या प्रकल्पांतून ती निघाली. लेखक आपला लेख स्वतः तींत दाखल करतो. त्याला तत्काळ पोंच मिळते. संपादक प्रथम वाचन करून तो परीक्षकांकडे पाठवितो. परीक्षकास लेखकाचें नांव कळत नाहीं व लेखकास परीक्षकाचें. मात्र मजकुरांतील आपलें नांव लेखकानेंच आधीं काढावें लागतें. अभिप्राय, सुधारलेली प्रत, मुद्रितशोधन, प्रकाशन, प्रत्येक पायरीची तारखेसह नोंद राहते.

मराठीपुरती एक निराळी अडचण आहे. संगणकाच्या जुन्या टंकांत केवळ अक्षराची आकृति असे. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडनें १९९१ पासून प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतंत्र क्रमांक दिला. म्हणून जुने अंक युनिकोडमध्यें रूपांतरित करून, जोडाक्षरें व रफार जागेवर आहेत ना, हें जाणत्या माणसानें पुन्हां वाचून पाहावें. नुसतीं पानांचीं छायाचित्रें ठेवलीं, तर ‘कंधार’ हा शब्द शोधणाऱ्यास त्यांतलें कांहींच सांपडणार नाहीं.

यंत्र परीक्षकास स्मरणपत्र धाडील. लेख चांगला कीं वाईट, हें तें सांगणार नाहीं. तें काम संपादकाचेंच. नकार कारणासह आला, तर लेखक चूक सुधारून पुन्हां लिहितो. मला नकारहि आला नाहीं, आणि कंधारवरचा दुसरा लेख मीं लिहिला नाहीं.