कपाटाची किल्ली आणि पाठाचं टाचण

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे: दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण. त्याच यादीत ग्रंथालयही आहे. तिथे वर्तमानपत्र, मासिकं, सर्व विषयांवरची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, इतकं स्पष्ट लिहिलंय. मात्र ती पुस्तकं मुलांच्या हाती कोण देणार, याबद्दल परिशिष्टात अवाक्षर नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. ग्रंथपालाची नाही.

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावातून पाहिलं की या मौनाचा अर्थ कळतो. कापूस-सोयाबीनचा हा मुलूख. मोठ्या कामाला खामगाव गाठायचं, जिल्ह्याच्या कामाला बुलढाणा. अशा गावांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पदच नसतं. एखाद्या शिक्षकाकडे वाचनालयाचा ‘चार्ज’ असतो. संस्थेच्या अनुदानित माध्यमिक शाळेत पद मिळणार की नाही हे पटावर ठरतं. पट मोठा असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यम असेल तर अर्धवेळ, लहान असेल तर कुणीच नाही. त्यामुळे ज्या शाळेत मुलांच्या घरी पुस्तकं सर्वांत कमी, नेमक्या त्याच शाळेत पुस्तक शोधून देणारा माणूस नसण्याची शक्यता सर्वांत जास्त.

जिथे ग्रंथपाल आहे, तिथेही त्याचा दिवस पुस्तकांतच जातो असं नाही. शिक्षक रजेवर असले की बदली तास त्याच्याकडे येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची माहिती, पाठ्यपुस्तकांचं वाटप, परीक्षेची बैठकव्यवस्था हे सगळं वेळोवेळी त्याच्या टेबलावर येऊन पडतं. शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या दोन शिक्षकांना एकमेकांशी बोलता येतं. ग्रंथपाल मात्र शाळेत एकटाच असतो. त्याच्या कामाची भाषा बोलणारा दुसरा माणूस बहुधा पुढच्या गावच्या शाळेत असतो.

तरीही ग्रंथपाल आणि शिकवण्याची यंत्रं यांची सांगड आपल्याला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले आणि 1906 मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरून जाणार, हे त्यांना दिसत होतं. 1910 मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, 1911 मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत जाऊ लागली. मोतीभाई अमीन यांनी गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं.

या इतिहासात एक तपशील सहसा मागे राहतो. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यातच दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. चलचित्रयंत्र, जादूचा कंदील, दोन डोळ्यांनी खोली दाखवणारा स्टिरिओस्कोप ही त्या काळची नवी साधनं शिक्षणासाठी वापरणारी ही शाखा पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या खात्याचाच भाग होती. पेटी आणि पडदा एकाच खात्याच्या हाती असल्याने गावाला काय दाखवायचं आणि काय वाचायला द्यायचं, याचा विचार एकत्र होऊ शकत होता.

आज शंभराहून अधिक वर्षांनी ती सांगड तुटलेली दिसते. शाळेत प्रोजेक्टर येतो तो एका योजनेतून, पुस्तकं येतात दुसऱ्या. स्मार्ट टीव्हीची किल्ली संगणक शिक्षकाकडे आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे. पाठ घेणाऱ्या शिक्षकाच्या टाचण वहीत या दोघांचाही उल्लेख क्वचितच असतो.

साधनांची कमतरता आता पूर्वीइतकी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि 2020 मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. 2017 मध्ये केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा डिजिटल अभ्याससाहित्याचा मंच आला. प्रथम बुक्सचा ‘स्टोरीवीव्हर’ 2015 पासून मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी खुल्या परवान्यावर देतो. त्या डाउनलोड करता येतात, छापता येतात, दुसऱ्या भाषेत नेता येतात. बुलढाणा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. तिथे ही शेवटची सोय फार मोलाची. कोरोनाकाळात याच गोष्टींवर राज्यात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम चालला. बालभारतीच्या 1971 पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात.

क्यूआर कोड स्कॅन केला की ठरलेला व्हिडिओ उघडतो. पण तो पाहून झाल्यावर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पुढे कुठे पाठवायचं, हे कोडला ठाऊक नसतं. ते माहीत असणं हा ग्रंथपालाचा व्यवसाय आहे. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन शाळेला चपखल लागू पडतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी हार-गुच्छ दिले जातात. शिक्षकांच्या नियोजनाच्या बैठकीचं बोलावणं मात्र ग्रंथपालाला फारसं येत नाही.

नियोजनात त्याला घेतलं तर काय होतं, हे पिंपळगाव राजाच्या मुलांना जवळच्या एका विषयावर पाहता येईल. 2019 च्या फेब्रुवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली. त्याचं नाव टी1-सी1. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. तेलंगणाच्या हद्दीत फिरून, शेतं, ओढे, रस्ते ओलांडत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जेमतेम 205 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. त्याचा काही भाग खामगाव तालुक्यातच येतो. मुलांच्या आईवडिलांनी ही बातमी नक्कीच ऐकलेली असणार.

आता हा पाठ चार जणांनी मिळून आखला असं समजा. भूगोलाच्या शिक्षकाला टिपेश्वर ते ज्ञानगंगा हा प्रवास नकाशावर काढून घ्यायचा आहे. गणिताच्या शिक्षिकेला सरासरी शिकवायची आहे: पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर म्हणजे रोज सुमारे आठ-नऊ किलोमीटर. विज्ञानाच्या शिक्षकाला उपग्रहाकडून ठिकाण कसं कळतं ते सांगायचं आहे. ग्रंथपाल या तिघांसाठी आधीच टेबल मांडून ठेवतो. ड्युई दशांश वर्गीकरणात वाघाचा क्रमांक 599.756, मराठी साहित्याचा 891.46. पहिल्या क्रमांकाखाली प्राणिशास्त्राची पुस्तकं सापडतात आणि दुसऱ्याखाली विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींचं लेखन. दोन कपाटांतली पुस्तकं एका टेबलावर आली की मराठीच्या शिक्षकांनाही या पाठात जागा मिळते.

मग ग्रंथपाल त्याचं सर्वांत महत्त्वाचं काम करतो. तो मुलांसमोर दोन बातम्या ठेवतो. डिसेंबर 2019 ची बातमी वाघ सुमारे 1,300 किलोमीटर चालल्याचं सांगते, मार्च 2020 ची सुमारे 3,000. खरी कोणती? मुलं मोबाइलवर शोधतात, एकमेकांशी वाद घालतात आणि शेवटी त्यांच्या लक्षात येतं की दोन्ही बातम्या आपापल्या तारखेला खऱ्या आहेत. मधल्या महिन्यांत वाघ चालतच होता. माहितीवर तारीख पाहायची, कुणी सांगितली ते पाहायचं, दुसरीकडे पडताळायची, ही सवय मुलांच्या अंगवळणी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ खरा मानणाऱ्या घरांत ही सवय घेऊन जाणारं मूल हीच शाळेच्या तंत्रज्ञानाची खरी कमाई.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीथ करी लान्स यांच्या अभ्यासात ग्रंथालयाचा कर्मचारीवर्ग आणि संग्रह चांगला असलेल्या शाळांतली मुलं वाचनाच्या चाचण्यांत पुढे दिसली. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं लगेच म्हणता येत नाही. पण शिक्षक आणि ग्रंथपाल एकत्र काम करतात तेव्हा मुलांचं वाचन सुधारतं, ही भूमिका युनेस्को आणि ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यानेही 1999 मध्ये घेतली.

ही वाट आपल्याकडे अडते ती बरेचदा भीतीपाशी. दाखल नोंदवहीत चढलेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथपालाच्या जबाबदारीवर असतं. वार्षिक पडताळणीत एखादं कमी भरलं तर भरपाई कोण करणार, या धास्तीने कपाटाला कुलूप लागतं. वास्तविक केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनीही थोडं नुकसान गृहीत धरलंय: वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी मानावं. पुस्तक वापरलं की थोडी झीज होणारच, हे सरकारला कळतं. शाळेच्या व्यवस्थापनाने हे तत्त्व लेखी स्वीकारलं तर कितीतरी कपाटं उघडतील. राज्याचे आणि संस्थेचे नियम त्यासाठी तपासावे लागतील. ते मुख्याध्यापकांचं काम.

पैसा हा दुसरा अडसर, पण तो वाटतो तितका मोठा नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आहे. एका शाळेला ही रक्कम तोकडी. पण एका केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, सात-आठ शाळांनी ठरवून वेगवेगळी पुस्तकं घेतली आणि ती फिरवली, तर त्याच पैशांत संग्रह कितीतरी पट मोठा होतो. पेटी फिरवण्याची रीत जिवंत आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. शाळांना हाच नमुना जसाच्या तसा घेता येईल. फक्त त्यात एक जोड हवी: प्रत्येक पेटीत त्या सत्रात शिकवल्या जाणाऱ्या घटकांची यादी आणि त्या घटकांना लागणारे दीक्षा व स्टोरीवीव्हरवरचे दुवे.

पेटीतल्या पुस्तकांची एकत्र यादी ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. ‘कोहा’ तर कुणालाही फुकट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालय संस्थेची जुनी संगणकप्रणाली सन 2000 उजाडताच बंद पडणार होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी 1999 मध्ये स्वतःसाठी ती बनवून घेतली आणि जगासाठी खुली केली. गावाकडच्या ग्रंथालयाने आपली अडचण सोडवताना साऱ्या जगाची सोय केली. पिंपळगाव राजाच्या केंद्रात सुरुवातीला एक्सेलची साधी शीट पुरेल.

बोलायला जागाही तयार आहे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथे निपुण भारत, चाचण्या, ऑनलाइन भरायची माहिती यांवर तासन्तास जातात. त्याच परिषदेत माध्यमिक शाळांच्या ग्रंथपालांना आणि प्राथमिक शाळांच्या वाचनालय प्रमुखांना अर्धा तास दिला, तर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: या महिन्यात कोणत्या शिक्षकासोबत कोणता पाठ आखला, कोणतं पुस्तक वा व्हिडिओ चालला आणि कोणता फसला. फसलेल्याची नोंद तर जास्त उपयोगाची. तोच वेळखाऊ प्रयोग पुढच्या शाळेत होत नाही.

शालेय ग्रंथपालाची ओळख आज देवघेवीच्या आकड्यांत मोजली जाते. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, प्रदर्शन भरतं, फोटो वर जातात. बाकीच्या दिवसांची मोजणी वेगळ्या आकड्याने व्हायला हवी: वर्षभरात किती पाठांच्या टाचणात ग्रंथपालाचा हात होता. हा आकडा वार्षिक अहवालात मागायला नवा कायदा लागत नाही, की नवा निधीही. मुख्याध्यापकांनी जूनमधल्या वार्षिक नियोजनाच्या बैठकीत ग्रंथपालासाठी खुर्ची ठेवली आणि प्रत्येक विषयशिक्षकाला सत्रात निदान एक घटक त्याच्यासोबत आखायला सांगितलं, की सुरुवात झाली. कायद्याच्या परिशिष्टात राहून गेलेली ओळ शाळेला आपल्या वेळापत्रकात लिहिता येते.