जाळे कापावे लागते तेव्हा

बेळगावच्या किंवा निपाणीच्या बाजारात मासळीच्या टोपलीपुढे उभे राहिले, की समुद्र फार दूर आहे असे आम्हांस वाटत नाही. मालवण, वेंगुर्ले, कारवार येथली मासळी घाट चढून आमच्या ताटात येते. मोरीची आमटी आणि पावसाळ्यातला सुका जवळा आमच्या घरांना परका नाही. परंतु ज्या जाळ्यांतून ही मासळी निघते, त्यांत कधीकधी केवढा अनाहूत पाहुणा शिरतो, याची कल्पना घाटावरच्या थोड्यांनाच असेल.

हा पाहुणा म्हणजे व्हेल शार्क. नाव देवमाशाचे, पण जात मुशीचीच. आणि जगातील सर्वांत मोठा मासा हाच. तो चाळीस फुटांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक वाढतो. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. तोंड एवढे प्रचंड, तरी तो माणसाच्या वाटेस जात नाही. पाणी गाळून त्यातले बारीक जीव व लहान मासळी, एवढाच त्याचा आहार. निपाणीची गृहिणी सुपात जो जवळा पाखडते, तसल्याच जिवांवर हा महाकाय प्राणी पोसला जातो! त्या खाद्यामागे तो किनाऱ्याकडे वळतो, आणि तेथे जाळी पसरलेली असतात.

मालवणकडे रापण नावाची जुनी रीत आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात, आणि जे मिळेल त्याचे वाटे होतात. अशा जाळ्यात व्हेल शार्क सापडला तर काय करावे? फार वेळ अडकून राहिला तर तो गुदमरतो. जाळे कापले तर तो सुटतो. पण त्याबरोबर जमलेली मासळीही सुटते, आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात टाकायला जाळे उरत नाही.

सन २००१ मध्ये सरकारने वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, या माशाला बसविले. हे योग्यच झाले. त्यापूर्वी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी व मांसासाठी त्याची शेकड्यांनी शिकार होत असे. ते तेल होड्यांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून चोपडीत. कायद्यानंतर सन २००४ मध्ये तेथे कथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक होय. गुजरातीत त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव पडले. माहेरवाशिणीवर हात उगारणार कोण? तेव्हापासून गुजरातच्या कोळ्यांनी नऊशेंहून अधिक व्हेल शार्क जाळी कापून सोडले. मात्र केवळ शब्दांवर हे भागले नाही. फाटलेल्या जाळ्यासाठी तेथील सरकारने पैसेही दिले.

थंड समुद्रातली गोष्ट याच्या उलट घडली. आयर्लंडच्या पश्चिमेला अ‍ॅकिल नावाचे बेट आहे. तेथे बास्किंग शार्क हा दुसरा महामत्स्य येतो. तोही पाणी गाळूनच जगतो. सॅमन माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत तो शिरे आणि ती फाडून टाकी. या उपद्रवी पाहुण्याच्या यकृतात तेल पुष्कळ आहे हे ध्यानी येताच सन १९४७ पासून मुद्दाम त्याच्याचसाठी जाळी लागली. १९७५ पर्यंत बारा हजारांहून अधिक मासे मारले गेले. पुढे तो दिसेनासाच झाला, आणि धंदाही बुडाला. आयर्लंडने त्याला कायद्याचे संरक्षण दिले ते सन २०२२ मध्ये.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ पासून गुजरातचा मार्ग धरला. संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापले, तर छायाचित्रादि पुराव्यानिशी अर्ज केल्यावर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. पहिल्या तीन वर्षांत अडीचशेंहून अधिक प्राणी सुटले. त्यांत कासवे सर्वांत जास्त, पण व्हेल शार्कही तिसांहून अधिक होते.

ही भरपाई जाळ्याची आहे. त्या सकाळी निसटलेल्या बांगड्यांचे वाटे तिच्यात धरलेले नसतात. दोर ओढायला आलेली म्हातारी माणसे रिकाम्या टोपल्या घेऊन परततात, आणि जाळे सांधून होईपर्यंत रापण वाळूतच पडून राहते.